कोरोनामुळे बराच काळ घरात काढल्यावर पुन्हा दुकानात जायला लागलेले ज्येष्ठ (२०२१ मधली चर्चा)

पारिजात
नमस्कार मंडळी. इथे माझ्या वयाचे बरेच जण वाचतात आणि ज्यांचे आईवडील माझ्या वयाचे आहेत असेही बरेच, म्हणून दोघांनाही विचारतेय. तुमच्या घरातले ज्येष्ठ पुन्हा स्वतः दुकानात जायला लागले का, आणि लागले असतील तर सुरुवात कशी केली?

मी एकाहत्तर वर्षांची आहे. कोरोनाच्या लसीचे दोन्ही डोस झालेत, बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठीक. २०२० च्या मार्चपासून सगळं सामान घरपोच येतंय, मुलगा फोनवरून मागवतो, पिशवी दाराशी येते, अडत काहीच नाही. पण आता मला स्वतः जायचंय. मुलगा म्हणतो आई तुला काय हवंय ते सांग, लगेच मागवतो. त्याचं चुकत नाही, पण मला काय हवंय ते मला दुकानात गेल्यावरच कळतं ना. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करून तारीख बघायची, शेजारचीशी ताडून बघायची, नको असेल तर परत ठेवायची, हे सगळं आयुष्यभर मी केलंय. घरखर्च माझ्या हातात होता, आज कशाचा काय भाव चाललाय तेही मला ठाऊक नाही आणि ते मला फार लागतं.

दुसरी बाजूही सांगते. भीती वाटते. तयार होते, चपला घालते आणि दुकानातली गर्दी डोळ्यांसमोर आली की पाऊल उचलत नाही. आणि त्यात घरचे "कशाला जातेस" म्हणाले की उरलासुरला धीरही जातो. तेव्हा अनुभव सांगा, सल्ले सांगा, ओरडायचं असेल तरी चालेल पण कारणासकट ओरडा.

नदीकाठ
पारिजातताई, मी तुमच्या मुलाच्या बाजूची :) म्हणजे आई एका गावी आणि मी दुसऱ्या. तुम्ही लिहिलंय ते अक्षरशः माझ्या आईचं बोलणं आहे. फोनवर मी तिला रोज विचारायचे बाहेर नाही ना गेलीस आणि ती नाही म्हणायची, मग कळलं की ती जातेय आणि मला सांगत नाहीये. तेव्हा मी फार चिडले होते. पण नंतर विचार केला की ती लपवून जाणार असेल तर घाईघाईत जाणार, मिळेल त्या वेळेला जाणार, कुणी बघेल म्हणून जवळच्याच कोंदट दुकानात शिरणार. त्यापेक्षा सांगून गेलेली परवडली. आता आमचं ठरलंय, जाताना मेसेज आल्यावर मेसेज, आणि मी मध्ये फोन करायचा नाही, कारण फोन वाजला की ती मास्क खाली ओढून बोलते.

जुनंखोड
वय ७८. ताई, चपला घातल्यात ना, मग निघा.

घरी बसा हा सल्ला २०२० च्या सुरुवातीला बरोबरच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लस नव्हती, औषध नव्हतं, रोग कसा पसरतो तेही नीट कळलेलं नव्हतं आणि आमच्या वयाची माणसं पटापट जात होती. पण सल्ला आणि बंदी यात फरक आहे. तुर्कस्तानात मार्च २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्यांना घराबाहेर पडायलाच मनाई केली, मग मे महिन्यात रविवारी काही तासांपुरती मोकळीक दिली. कोलंबियात ७० वर्षांवरच्यांवर इतरांपेक्षा कडक निर्बंध घातले तेव्हा तिथले काही ज्येष्ठ कोर्टात गेले, पिकल्या केसांचं बंड असंच त्या चळवळीला नाव पडलं, आणि जुलै २०२० मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला ती बातमी वाचून इतकं बरं वाटलं होतं. धोका आम्हाला जास्त आहे हे मान्यच, पण म्हणून आमच्या वतीने दुसऱ्यांनी सगळं ठरवायचं हे काही पटत नाही.

सांजवेळ
सगळ्यांच्या भावना समजतात पण मला हे वाचून त्रास होतोय म्हणून लिहिते. माझे बाबा गेल्या लाटेत गेले. बाहेरून घरात आजार कुणी आणला ते आम्हाला कधीच कळणार नाही, त्यांनी आणला की आम्ही कुणी, आणि तो प्रश्न घरातल्या प्रत्येकाला आतून कुरतडतोय. दवाखान्यात शेवटी भेटताही आलं नाही. म्हणून ज्यांची मुलं "जाऊ नको" म्हणतात त्यांना आडमुठी समजू नका. ती घाबरलेली आहेत. एवढंच सांगायचं होतं.

पारिजात
सांजवेळ, तुझं वाचून गलबलून आलं गं. तू लिहिलंस ते बरं केलंस, धाग्यात हे यायलाच हवं होतं. मुलाच्या काळजीला मी नावं ठेवत नाही, आणि तुझ्यासारखं ज्यांच्या घरात झालंय त्यांना तर हा विषयच नकोसा होत असेल. मला फक्त हे समजून घ्यायचंय की जायचंच झालं तर धोका कमीत कमी कसा करता येईल. कारण आज ना उद्या मी जाणार आहे हे मला माहीत आहे, आणि हा आजार लवकर जाईल असं काही दिसत नाही.

हिशेबनीस
मी डॉक्टर नाही, पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकडे तपासायची खोड आहे, या विषयावर जमेल तेवढं वाचलंय. मुद्द्याचं सांगतो.

आपली निम्मी ताकद चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय. मार्च २०२० मध्ये एका अभ्यासात दिसलं की हा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडतो, आणि जग पिशव्या पुसायला लागलं. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी आहे. म्हणजे घरी येऊन साबणाने हात धुवा, बास. आलेलं सामान दोन दिवस गॅलरीत ठेवणं, पाकीट अन् पाकीट पुसत बसणं, चपला धुणं, यात ज्येष्ठ माणसं नुसती दमतात आणि मग दुकानात जाणं हा डोंगर वाटायला लागतो.

खरा प्रश्न हवेचा आहे. श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडणारे बारीक कण बंद खोलीत विडीच्या धुरासारखे साचत जातात, सहा फुटांची रेघ बघून थांबत नाहीत. म्हणून अंतर ठेवलं तरी कोंदट दुकानात धोका राहतो आणि दारं-खिडक्या सताड उघड्या असलेल्या दुकानात तो पुष्कळ कमी होतो. मी दुकान निवडताना आधी छत आणि दार बघतो. उंच छत, समोरासमोर दोन दारं असतील तर उत्तम. तळघरातलं दुकान, एसी लावून दार बंद ठेवलेलं दुकान, मी सरळ पुढे जातो.

आणि "१५ मिनिटांच्या आत काही होत नाही" असं जे सगळीकडे फिरतंय ते कृपया मनातून काढा. २४ तासांत मिळून १५ मिनिटं हा आकडा रोग्याच्या संपर्कात आलेल्यांपैकी कुणाला शोधून काढायचं ते ठरवण्यासाठी होता. चौदाव्या मिनिटापर्यंत सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही. जितकं कमी थांबाल तितकं बरं, इतकंच.

नदीकाठ
+१ सामान पुसण्याबद्दल. आईला हे समजावून सांगितल्यावर तिचा निम्मा ताण गेला.

चष्मेवाली
हिशेबनीस काका, मास्क कोणता ते पण सांगा ना. माझे सासरे कापडी वापरतात, तोच धुऊन धुऊन विरलाय.

हिशेबनीस
दुकानात जाताना एन९५ किंवा त्याच तोडीचा. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण निदान ९५ टक्के अडवणारा. त्यातलं कापडासारखं दिसणारं अस्तर विद्युतभारित असतं, त्यावर कण चिकटतात, म्हणून तो साबणाने धुतला तर भार जातो आणि मास्क निकामी होतो. सासऱ्यांना हे मुद्दाम सांगा, आमच्या पिढीला वस्तू धुऊन पुन्हा वापरायची सवय आहे. व्हॉल्व्हवाला नको, तो आपला श्वास न गाळता बाहेर सोडतो. आणि भारीतला भारी मास्क गालाशी सैल असला तर उपयोग नाही. घालून जोरात फुंकर मारा, डोळ्यांकडे वारा आला तर नाकाची पट्टी नीट दाबा. चष्म्यावर वाफ धरते त्याचंही कारण हेच असतं.

चष्मेवाली
अच्छा, म्हणून त्यांना तारीख वाचता येत नव्हती! वाफ धरली की ते मास्कच खाली करायचे, आणि तेही नेमके गर्दीच्या कपाटापुढे उभे राहून. धन्यवाद, आजच आणते.

फिजिओताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, वेगळ्या बाजूने बोलते कारण ही बाजू सगळे विसरतात.

इतके महिने घरात राहिलेल्या माणसाला दुकानातला सगळ्यात जवळचा धोका पडण्याचा असतो. स्नायू वापरले नाहीत की ते झपाट्याने जातात आणि साठीनंतर तर फारच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं होतं, तेवढ्यात पायांतलं जवळपास १ किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, कमी झालं. आता घरात वावरणं म्हणजे अंथरुणावर असणं नव्हे, पण इतके महिने खुर्ची-पलंग-खुर्ची असंच चाललं असेल तर पाय पूर्वीचे राहिलेले नाहीत हे धरून चाला. माझ्याकडे हल्ली जे ज्येष्ठ येतात त्यातले कितीतरी म्हणतात चालता येतं पण रांगेत उभं राहवत नाही. बरोबरच आहे, चालताना पोटऱ्या आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिलं की ते पायात साचतं, त्यात बीपीच्या गोळ्या, त्यात उपाशीपोटी गेलेले, मग डोळ्यांपुढे अंधारी.

पारिजातताई, तुम्ही आधी घरीच असं करून बघा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमेल तितक्या वेळा, दमलात की थांबायचं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. मग ओट्याशी उभं राहून टाचा वर-खाली. ते अंगवळणी पडलं की खाली उतरून फिरून यायचं, मग हातात थोडं वजन घेऊन. दुकानाच्या रांगेतही टाचा उचलत राहा, वजन या पायावरून त्या पायावर घ्या, अंधारी येते असं वाटलं तर लाज न बाळगता खाली बसा. सामान दोन हातांत सारखं वाटून घ्या किंवा चाकाची पिशवी घ्या. एका हाताला जड पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन, असं चालणारी माणसं मला बघवत नाहीत, दोन्ही हात अडकले की कठडा कशाने धरणार.

पारिजात
हे कुणीच सांगितलं नव्हतं. खरंच आहे, मागे लसीच्या रांगेत उभी होते तेव्हा गुडघे थरथरत होते आणि मी समजत होते की भीतीने. उठबस आजपासून सुरू.

जुनंखोड
आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. बाथरूम. महासाथीत कितीतरी ठिकाणची स्वच्छतागृहं बंद केली, काही अजून उघडली नाहीत. माझ्या मित्रांपैकी कितीतरी जण केवळ यासाठी बाहेर पडत नाहीत आणि मुलांना सांगतात कोरोनाची भीती वाटते. काही जण जायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते.

स्टेथो
जुनंखोड यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. पाणी तोडू नका. लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी असेल तर बाहेर जायच्या दिवशी ती परत आल्यावर घेतली तर चालेल का हे आपापल्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा वेळ बदलता येते, पण मनाने बदलू नका आणि बंद तर अजिबात करू नका. मधुमेह असेल तर खाऊन निघा, खिशात साखर ठेवा.

लसीबद्दलही. दुसऱ्या डोसनंतर पूर्ण संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. लसीमुळे गंभीर आजार आणि मृत्यू खूप कमी होतात पण वयानुसार प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद थोडा मंद असतो आणि तो ओसरतोही लवकर, म्हणूनच इस्रायलने ऑगस्ट २०२१ पासून ६० वर्षांवरच्यांना तिसरा डोस द्यायला घेतला. म्हणजे लस घेतली म्हणून मास्क काढायचा नाही, आणि लस घेऊनही कोंडून राहायचं असंही नाही. ज्यांची किडनी बदललीय, केमो चालू आहे, त्यांचं गणित वेगळं आहे, त्यांनी या धाग्यावरच्या उत्साहावर जाऊ नये, आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

घरच्यांसाठी एक. ज्येष्ठांमध्ये हा आजार ताप-खोकल्यानेच सुरू होईल असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण सुटणं, फार गळून जाणं, कारण नसताना पडणं, हीसुद्धा सुरुवात असू शकते. बाहेर जाऊन आल्यावर साधारण पाच दिवसांत, जास्तीत जास्त चौदा, असं काही दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, टेस्ट करा. ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली जायला लागला तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

सांजवेळ
स्टेथो, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बाबांचे पहिले दोन दिवस आठवले. ताप नव्हताच. नुसते झोपून होते, जेवत नव्हते. कुणी आधी सांगितलं असतं तर... हे सगळ्यांनी वाचा आणि आपल्या घरात सांगा.

कानोसा
मला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन. मास्कमुळे समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, वरून गल्ल्यापुढे प्लॅस्टिकचा पडदा, त्यामुळे किती पैसे झाले ते कळत नाही आणि तीनदा विचारलं की मागची रांग चुळबुळ करते. पूर्वी बोलणं ओठांवरून निम्मं कळायचं हे मला मास्क आल्यावर जास्त जाणवलं. दुकानात जायचा कंटाळा यायचं माझं खरं कारण हे आहे. आणि कानामागे मशीन, चष्म्याची काडी आणि मास्कचं इलॅस्टिक, तिन्ही एकाच जागी. मास्क काढताना मशीन उडून पडतं, एका बाईंचं तर असंच रस्त्यात हरवलं, फार महाग असतात ती. यावर उपाय म्हणजे डोक्यामागून पट्टे जाणारा मास्क घ्यायचा, आणि तो घरी येऊन, बसून, हळू काढायचा. कानवाला मास्कच असेल तर मागे बटण लावलेली पट्टी घेऊन इलॅस्टिक त्यात अडकवायचं.

गल्ल्यावरचा
माझं दुकान आहे म्हणून त्या बाजूने लिहितो. काका-काकूंनो, तुम्ही यायला लागलात की आम्हाला खरंच बरं वाटतं, वर्षानुवर्षांची माणसं एकदम दिसेनाशी झाली होती आणि विचारायचीही भीती वाटायची.

वेळेबद्दल सांगतो. मार्च २०२० मध्ये कितीतरी देशांत मोठ्या दुकानांनी सकाळचा पहिला तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवला होता, मीही ते बघून सुरू केलं. चांगलं हे की रात्रभर दुकान रिकामं असतं, कुणाचा श्वास साचलेला नसतो, सगळं पुसून मांडलेलं असतं. पण झालं काय, सगळे ज्येष्ठ उघडायच्या आधीच दाराशी येऊन उभे, ज्यांना जपायचं त्यांचीच गर्दी, आणि तीही उभ्याने. मग मी तो तास मोडला आणि जे ज्येष्ठ विचारतात त्यांना दुपारी या म्हणून सांगतो, जेवणानंतर दोन तास दुकानात चिटपाखरू नसतं. प्रत्येक दुकानाची अशी एक वेळ असते, दुकानदाराला फोन करून विचारा, कुणीही खुशीने सांगेल. महिन्याचे पहिले दिवस आणि सणाच्या आधीचे दिवस टाळा.

यादी करून या, आणि आमच्या कपाटांच्या क्रमाने केली तर एका फेरीत होतं, मागेपुढे करावं लागत नाही. जड सामान मी पोचवतो, तुम्ही फक्त निवडा.

पारिजात
"तुम्ही फक्त निवडा" हे वाक्य मुलाला वाचून दाखवलं. म्हणजे मला हवं ते हेच होतं, ओझं वाहायची हौस नव्हतीच कधी. आमच्यात आता असं ठरलंय की जड सामान पूर्वीसारखं घरपोच, आणि निवडून घ्यायच्या गोष्टी मी, दुपारच्या वेळी, दारं उघडी असलेल्या दुकानातून. पहिल्यांदा तो सोबत येणार पण बाहेर उभा राहणार. हे मी मागून घेतलंय. आत आला की तोच भराभर वस्तू पिशवीत टाकतो.

पैसे कसे देता सगळे? मुलगा म्हणतो कार्ड टेकवून दे.

हिशेबनीस
कसेही द्या. नोटांतून कोरोना होतो ही भीती पृष्ठभागाच्या त्याच हिशेबातली. कार्डाचा फायदा सुट्ट्यांसाठी थांबावं लागत नाही, वेळ वाचतो. पण पिन सांगायला किंवा दाखवायला कुणाला बोलावू नका, आणि मशीनवरचा आकडा वाचल्याशिवाय कार्ड टेकवू नका. महासाथीत घाईघाईने डिजिटल झालेल्या ज्येष्ठांना फसवणारे टपून बसलेत. रोख बरी वाटत असेल तर बिनधास्त रोख द्या, कुणाचं ऐकू नका.

सांजवेळ
पारिजातताई, मुलगा बाहेर उभा राहणार हे आवडलं. आईला मी असंच विचारून बघते. बाबा गेल्यापासून ती दाराबाहेर पडलेली नाही, आणि आम्हीही तिला एकदाही विचारलं नाही तुला जायचंय का म्हणून.

फिजिओताई
सांजवेळ, आईंना लगेच दुकानात नको. आधी खाली चक्कर, मोकळ्या हवेत, तुझ्या हाताला धरून. नाही म्हणाल्या तर दोन दिवसांनी परत विचार.

गल्ल्यावरचा
वरचं सगळं वाचून दाराशी दोन खुर्च्या ठेवल्यात, नंबर आला की हाक मारतो, उभं राहायची गरज नाही. आतलं बाथरूमही ज्येष्ठांना वापरू देणार, तशी पाटी लावतोय. कानोसा, तुमच्यासारख्यांसाठी अजून काय करू सांगा, पडदा काढू का?

कानोसा
पडदा काढला तर फार बरं, दार उघडं असेल तर तसाही त्याने हवाच अडते. आणि ओरडून बोलू नका, ओरडल्यावर मशीनमध्ये आवाज फाटतो आणि तोंडातून कणही जास्त उडतात. हळू, समोर बघून बोला. हाक मारलेली मला ऐकू येणार नाही, तेव्हा खुर्चीवर बसलेल्याला नंबर लिहिलेला कागद द्या आणि हात करून बोलवा. बिलाचा आकडा कॅल्क्युलेटरवर करून स्क्रीन माझ्याकडे फिरवली की झालं.

गल्ल्यावरचा
केलं. कॅल्क्युलेटर मोठ्या आकड्यांचा मागवलाय.